शाळेच्या गेटवर सुरू असलेली इंजिने : सांगलीतील वाहनांचा धूर आणि डोळ्यांना न दिसणारे कण

विश्रामबागकर
सोमवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी.

हा धागा काढण्याचे कारण घरातलेच आहे. माझी लेक आणि तिची सात वर्षांची मुलगी जूनमध्ये पुण्याहून कायमच्या सांगलीला राहायला आल्या. पुण्यात त्यांचे घर वाहत्या रस्त्याला लागून, दुसऱ्या मजल्यावर होते. थंडी पडली की नातीचा खोकला सुरू होई तो शिमग्यापर्यंत हटत नसे. ‘गावाकडची हवा लागली की बरी होईल,’ असे आम्ही सगळेच म्हणत होतो, आणि पावसाळाभर ती खरोखरच बरी होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा पुन्हा भरली आणि पंधरा दिवसांत खोकला परत आला.

मी तिला रोज सकाळी चालत शाळेत सोडतो. सात वाजायला दहा मिनिटे कमी असताना गेटसमोर व्हॅन, रिक्षा, चारचाकी आणि दुचाकी यांची इतकी दाटी असते की वाट काढावी लागते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वाहनांची इंजिने सुरूच असतात. मुले उतरतात, डब्याची पिशवी राहिली म्हणून परत येतात, व्हॅनच्या मागच्या बाजूने वळसा घालून गेटकडे पळतात. सायलेन्सरचे तोंड माझ्या गुडघ्याखाली येते. नातीच्या तोंडापासून ते फार दूर नसते. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला तिचा खोकला परत यावा लागला, याचे मला वाईट वाटते.

माझी सारी नोकरी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे डोक्यात शंका आली की हात काहीतरी करून पाहू लागतात. रस्त्याकडच्या खिडकीत मी एका बशीत गाळणकागद ठेवला आणि आठ दिवस त्याला हात लावला नाही. आठव्या दिवशी तो करडा झाला होता. त्यावरची पूड चिमटीत घेऊन चोळली तेव्हा आधी बोटांना खर लागली, ती माती. पण चोळता चोळता बोटांवर तेलकट काळा डाग उमटला, जो नुसत्या पाण्याने गेला नाही. रॉकेलच्या चिमणीची काच पुसताना बोटाला जी काजळी लागायची, तशीच ही होती. आमच्या घरात आता रॉकेलचा दिवा नाही आणि चूलही नाही. ती बाहेरूनच आली.

मात्र बशीत बसले ते जाड कण होते, हे मला येथे मुद्दाम सांगावयाचे आहे. ज्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे ज्यांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी आहे, ते असे सहजी खाली बसत नाहीत. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करावा. डिझेलच्या धुरातील काजळीचे बहुतेक कण तर एका मायक्रॉनचाही लहानसा अंश असतात. ते हवेबरोबर फिरतात, बंद खिडकीच्या फटीतून आत येतात, आणि कितीही झाडलोट केली तरी केरसुणीच्या तावडीत सापडत नाहीत.

वजनाचा हिशेब मांडला तर मन थक्क होते. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार २४ तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असे कण चालतात. हे कण मोजणारे प्रमाणित यंत्र मिनिटाला सुमारे १६.७ लिटर हवा ओढते, म्हणजे दिवसाला २४ घनमीटर. हवा बरोबर मर्यादेवर असेल, तर दिवसभरात त्या गाळणकागदावर सुमारे १.४४ मिलिग्रॅम वजन जमेल. तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा धरला, तर हा त्याचा चौदावा हिस्सा झाला. माणूस दिवसाला यंत्राच्या निम्मी हवा घेतो, म्हणजे त्याच्या वाट्याला याच्याही निम्मे. एवढ्याशा वस्तूने आरोग्य बिघडते, यावर सहज विश्वास बसत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी पाहत नाही.

आपल्या सांगली-मिरजेत या कणांचा कोणाला काही अनुभव असेल, वाहनांविषयी आतली माहिती असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. पुण्या-मुंबईचा प्रश्न म्हणून हे बाजूला सारण्याची माझी तयारी आता राहिलेली नाही.


शंभरफुटी_गॅरेज
सोमवार, रात्री १०.५०

काका, आपला धागा वाचून लगेच लिहावेसे वाटले. शंभर फुटी रस्त्यावर माझे डिझेल गाड्यांचे छोटे गॅरेज आहे आणि हा धूर मी रोज पोटात घेतो.

डिझेल इंजिनात इंधनाची फवार दाबाने आत सोडली जाते. जिथे फवारा दाट आणि हवा कमी, तिथे डिझेल पुरते जळत नाही आणि काजळी होते. नोझल झिजले की फवाऱ्याचे थेंब मोठे होतात. एअर फिल्टर तुंबला की हवा कमी पडते. गाडी ओव्हरलोड झाली की ड्रायव्हर पायाखाली ॲक्सिलरेटर दाबून ठेवतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुलाच्या चढाला लागलेल्या ट्रकमागे जो काळा लोट दिसतो, तो तयार होतो. एअर फिल्टर ही तर काहीशे रुपयांची वस्तू आहे, पण ‘अजून चालतोय’ म्हणून वर्षानुवर्षे बदलला जात नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे वाहनांच्या धुराचे नवे मानक, लागू झाले तेव्हा डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले, आणि डिझेल मोटारींसाठी कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. ती पाळण्यासाठी सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या कणांचा फिल्टर, बसवावा लागतो. हा चिनी मातीसारख्या पदार्थाचा जाळीदार ठोकळा असतो. काजळी त्याच्या भिंतींत अडकते आणि गाडी हमरस्त्यावर वेगाने धावली की आतले तापमान चढून ती जळून जाते. चांगल्या बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये पांढरा रुमाल फिरवून बाहेर काढावा. तो जवळजवळ पांढराच निघतो. हे मी गिऱ्हाइकांना करून दाखवतो.

अडचण गावातल्या वापराची आहे. विश्रामबागहून राम मंदिर चौक, तिथून मार्केट यार्ड, परत घर, एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचा डीपीएफ कधी पुरेसा तापत नाही. तो भरत जातो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीचे पिकअप मरते. मग मालक माझ्याकडे येऊन म्हणतो, ‘ते डबडे काढूनच टाका.’ ते काढून देणारे लोक आहेत. मी काढत नाही. आठवड्यातून एकदा तासगाव किंवा जयसिंगपूर रस्त्याला वीस-पंचवीस मिनिटे गाडी एका लयीत चालवा, असे सांगतो. काढलेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये महिन्याभराने रुमाल फिरवला तर तो कोळशाच्या पोत्यात घातल्यासारखा बाहेर येतो.

पीयूसीविषयी एक शब्द. डिझेल गाडीच्या तपासणीत धुराचा दाटपणा पाहतात आणि पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन पाहतात. आपण म्हणता ते पीएम २.५ त्या तपासणीत वजनाने मोजलेच जात नाही. त्यातही माझ्या एका नातेवाइकाला गाडी न नेताच दाखला मिळाला होता. असा दाखला देणाऱ्याने स्वतःच्या मुलांच्या हवेचाही विचार केला नाही, एवढेच मी म्हणेन.


वाळव्याचा_ऊसकरी
मंगळवार, सकाळी ६.३०

धाग्याचा विषय महत्त्वाचा आहे, पण वाहनांवर सगळा भार टाकू नये असे माझे मत आहे. आपला जिल्हा उसाचा आहे. हंगाम सुरू झाला की कारखान्यांची धुराडी पेटतात, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बगॅसची, म्हणजे जळलेल्या चिपाडांची, काळी राख पडते. तोडणी झाली की पाचट पेटवतात आणि संध्याकाळी साऱ्या शिवारावर धूर तरंगत राहतो. मी स्वतः गेली काही वर्षे पाचट कुजवतो, पण शेजारच्या फडाला काडी लागली की माझ्या घरातही डोळे चुरचुरतात. शिवाय २०१९ च्या महापुरानंतर सांगलीच्या पेठांत सुकलेल्या गाळाची जी धूळ महिनाभर उडत होती, ती विसरण्यासारखी नाही. इतकी कारणे समोर असताना शाळेच्या व्हॅनलाच धरणे मला पटत नाही.


विश्रामबागकर
मंगळवार, दुपारी १.१०

आपले म्हणणे मी मनापासून मान्य करतो. पाचटाचा धूर हा तर अगदी बारीक कणांचाच असतो आणि त्याला यातून वगळणे चुकीचे ठरेल. मात्र गच्चीवर पडणारी राख आणि महापुरानंतरची धूळ यांच्याविषयी थोडे वेगळे मांडतो. डोळ्यांना दिसणारी राखेची पापडी नाकाच्या पुढे फार आत जाऊ शकत नाही. ती कपडे खराब करते, डोळ्यांत जाते, आणि दिसते म्हणून आपण तिच्याविषयी तक्रार करतो. जे दिसत नाही त्याविषयी तक्रार होत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची आहे. कारखान्याचे धुराडे उंच असते आणि पाचट शिवारात जळते. सायलेन्सर मात्र जमिनीलगत, माणसापासून हातभर अंतरावर धूर सोडतो. वाहत्या रस्त्यापासून शे-दोनशे मीटर आत गेले की ताज्या काजळीचे प्रमाण पुष्कळ उतरते. म्हणजे रस्त्याच्या कडेचा भाजीवाला, चौकातला वाहतूक पोलीस आणि गेटपाशी उभी असलेली मुले यांच्या वाट्याला जे येते, ते गल्लीच्या आतल्या घरात येत नाही. हिवाळ्याच्या सकाळी तर जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, अशी उलटी रचना झालेली असते. झाकण ठेवल्यासारखा धूर खालीच कोंडतो, आणि नेमकी हीच वेळ शाळेची आहे. कृष्णेच्या काठाने पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी धुराचा तो आडवा, सपाट पट्टा पाहिला असेल.

व्हॅनवाल्यांना दोषी ठरवण्यासाठी मी लिहीत नाही. उभ्या गाडीचे इंजिन बंद करायला कोणाची परवानगी लागत नाही, खर्च येत नाही, म्हणून तिथून सुरुवात करावी एवढेच माझ्या मनात आहे.


मिरज_छातीविकार
मंगळवार, रात्री ११.२०

मी मिरजेत श्वसनविकारांवर उपचार करतो. आपल्या नातीला न तपासता तिच्या खोकल्याचे कारण सांगणे योग्य होणार नाही. ॲलर्जी, घरातील ओल, सर्दीचे विषाणू, काहीही असू शकते. सात वर्षांचे मूल फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, नीट समजावून दिल्यास करू शकते. ती करून घ्यावी. एक विनंती मात्र आधीच करतो. तपासणीत दमा निघाला आणि डॉक्टरांनी पंप दिला, तर ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीने तो बंद करू नये. ओढायच्या औषधाची मात्रा पोटातल्या औषधापेक्षा कितीतरी कमी असते. पंप मधेच सोडून अत्यवस्थ होऊन आलेली मुले मी दर हिवाळ्यात पाहतो आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो.

आता कणांविषयी. नाकातील केस, घशातील शेंबडाचा थर आणि श्वासनलिकेतील सतत हलणारी लव जाड धूळ अडवतात. ती आपण खाकरून बाहेर टाकतो. पीएम २.५ हा अडसर ओलांडून वायुकोशांपर्यंत पोहोचतो, आणि त्यांतील अगदी लहान कण रक्तातही उतरू शकतात. म्हणून हा केवळ फुप्फुसांचा विषय नाही. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका या कणांमुळे वाढतो, आणि त्यासाठी आधी खोकला यावाच लागतो असे नाही. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले, आणि पुढच्याच वर्षी बाहेरच्या प्रदूषित हवेलाही त्याच वर्गात घातले. २०१९ या एका वर्षात बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे जगभरात सुमारे ४२ लाख लोकांचा अकाली मृत्यू झाला, असा संघटनेचा अंदाज आहे.

मुलांचे वेगळे आहे. वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेतात, त्यांच्या नळ्या अरुंद असतात, आणि त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात. वाढीच्या वयात जे राहून गेले, ते पुढे पूर्णपणे भरून निघेलच असे सांगता येत नाही.


टेम्सकाठची_सांगलीकर
बुधवार, पहाटे ३.४०

माझे बालपण माधवनगरला गेले. गेली अनेक वर्षे मी लंडनच्या दक्षिण भागात राहते. डॉक्टरांनी लिहिलेले वाचून मला येथील एका मुलीची आठवण झाली, जिचे नाव आता ब्रिटनमध्ये सर्वांना ठाऊक आहे. एला किस्सी-डेब्रा. ल्युइशम भागात, साउथ सर्क्युलर या सतत वाहत्या रस्त्याजवळ तिचे घर होते. तिला तीव्र दमा होता, आणि शेवटच्या तीन वर्षांत तिला जवळजवळ तीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले. फेब्रुवारी २०१३ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ती गेली. पहिल्या चौकशीत हवेचा उल्लेखही नव्हता. तिच्या आईने, रोझमंड यांनी, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूचौकशी अधिकाऱ्यांनी निकाल दिला की हवेच्या प्रदूषणाचा तिच्या मृत्यूत ठळक वाटा होता. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या कारणात हवेच्या प्रदूषणाची नोंद होण्याची ती पहिली वेळ होती. त्या आईने सांगितलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही : हवेमुळे हे होत आहे याची कोणी तिला कल्पनाच दिली नव्हती, दिली असती तर तिने घर बदलले असते.

लंडनने एप्रिल २०१९ पासून मध्यवर्ती भागात जुन्या, धूर ओकणाऱ्या वाहनांवर दिवसाला १२.५० पौंडांची आकारणी सुरू केली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती साऱ्या लंडनभर नेली. पेट्रोल गाडी साधारण २००६ नंतरची आणि डिझेल गाडी २०१५ नंतरची असेल तर बहुधा आकार लागत नाही. लोकांनी कडाडून विरोध केला, आणि त्यांतील गरीब कारागिरांचा विरोध मला समजतही होता, कारण व्हॅन बदलणे ही लहान गोष्ट नाही. इथे रस्त्यावर उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण सुरू ठेवणे हाही कायद्याने गुन्हा आहे. अर्थात कायदा असूनही शाळांच्या बाहेर पालकांनाच फलक घेऊन उभे राहावे लागते, आणि मी स्वतः तशी उभी राहिले आहे. पहिल्या आठवड्यात लोक काच वर करून घेतात. नंतर हळूहळू बंद करू लागतात.


नोंदवही
बुधवार, सकाळी १०.०५

सरकारी बाजू थोडी मांडतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. हवेची मानके सातत्याने न पाळणाऱ्या शहरांची जी यादी त्यात आहे, तिच्यात पुणे, मुंबई, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर यांच्याबरोबर आपली सांगलीही आहे. ही गोष्ट सांगलीत राहणाऱ्या किती लोकांना माहीत आहे, याची मला शंका वाटते. सुरुवातीला २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत कण २० ते ३० टक्क्यांनी कमी करण्याचे ध्येय होते. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे वाढवले गेले.

आता मुख्य मुद्दा. या कार्यक्रमात शहरांची प्रगती प्रामुख्याने पीएम १० वरून, म्हणजे जाड धुळीवरून, मोजली गेली. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले की निधीचा ६४ टक्के भाग रस्त्यावरच्या धुळीवर खर्च झाला आणि वाहनांच्या धुरावर १३ टक्क्यांहून कमी. रस्ते झाडणारी यंत्रे, पाण्याचे फवारे, दुभाजकावरची झाडे, हे सारे त्यात येते. धूळ कमी करणे चुकीचे नाही. पण जे मोजायचे ठरवले त्यावरच पैसा गेला, आणि विश्रामबागकर काकांच्या बोटावर उमटलेला तो तेलकट डाग हिशेबाबाहेर राहिला.

वाळव्याच्या दादांसाठी दिल्लीचा एक आकडा देतो, कारण तिथे याचा सर्वांत अधिक अभ्यास झाला आहे. आयआयटी कानपूरच्या २०१६ च्या अहवालात शहरातून थेट बाहेर पडणाऱ्या पीएम २.५ पैकी सुमारे ३८ टक्के रस्त्यावरची धूळ आणि २० टक्के वाहनांचा धूर असे मांडले होते. ‘पाहा, धूळच अधिक,’ असे त्यावरून म्हणतात. परंतु रस्त्यावरची धूळ आपोआप उडत नाही, चाकांनी उडते. तिच्यात ब्रेक पॅडचे झिजलेले लोखंड आणि तांबे असते, टायरचा जस्तयुक्त चुरा असतो. शिवाय धुरातील नायट्रोजनचे वायू हवेत अमोनियाशी मिळून नव्याने बारीक कण तयार करतात. ते कोणत्याही सायलेन्सरमधून कण म्हणून निघालेले नसतात, तरी मूळ त्यांचे वाहनांतच असते. म्हणून विजेच्या गाडीने धूर जातो, टायरचा चुरा जात नाही. ब्रेकचा भाग मात्र बराच कमी होतो, कारण वेग कमी करताना मोटारच गाडीला आवरते.

मर्यादांविषयीही लक्षात असू द्यावे. आपली वार्षिक मर्यादा पीएम २.५ साठी ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची १० वरून ५ वर आणली आणि २४ तासांची १५ केली. त्यामुळे आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकावर ‘समाधानकारक’ असा हिरवा रंग दिसला, तरी त्या दिवशीची हवा संघटनेच्या मापाने तिप्पट-चौपट वाईट असू शकते.


सर्किट_मिरज
बुधवार, सायंकाळी ७.३०

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. प्रकल्पासाठी आम्ही कण मोजणारा लहान सेन्सर बसवलेली एक पेटी तयार केली आहे. आत लेसरचा किरण असतो आणि कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून अंदाज काढला जातो. विश्रामबागकर आजोबांनी सांगितलेल्या गाळणकागदाच्या यंत्रासारखे ते वजन नाही, हे मी आधीच स्पष्ट करतो.

पहिल्या दिवशी पहाटे आम्ही ती पेटी कृष्णा घाटावर नेली आणि आकडा इतका चढला की आम्ही घाबरलो. रस्त्यावर तर एकही वाहन नव्हते. नंतर कळले की धुक्यात कण पाणी शोषून फुगतात, धुक्याचे थेंबही मोजले जातात, आणि सेन्सर फसतो. म्हणून सरकारी केंद्रात गाळणकागद ठरावीक आर्द्रतेत ठेवून मगच वजन करतात, आणि स्वयंचलित यंत्रांत हवा आधी तापवून कोरडी करतात. आता आम्ही आर्द्रता सोबत नोंदवतो आणि धुक्याच्या दिवसांचे आकडे बाजूला ठेवतो. त्यामुळे पेटीचा आकडा कुणाच्या अंगावर फेकण्यासाठी वापरू नये. एकाच दिवशी, एकाच हवेत, दोन जागांची तुलना करण्यापुरता तो उपयोगी आहे. आजोबा, तुमची हरकत नसेल तर आम्ही पेटी गेटपाशी आणि शाळेच्या मागच्या पटांगणात अशी ठेवून पाहू.


कोथरूड_ते_हिंजवडी
बुधवार, रात्री ९.४५

मूळची सांगलीची, आता पुण्यात. रोज दुचाकीने कामावर जाते. सिग्नलला बसच्या मागे थांबले की हेल्मेटच्या काचेच्या आत उष्ण, जळकट झोत येतो आणि ९० सेकंद संपतच नाहीत. ओढणी किंवा स्कार्फ बांधून उपयोग होत नाही, हे मला फार उशिरा कळले. कापडाची वीण या कणांपुढे पिठासमोरच्या मच्छरदाणीसारखी आहे. गालाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरते तेव्हा फरक जाणवतो. चारचाकीवाल्यांनी गर्दीत आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, तिचा मार्ग ज्यांना सोयीचा आहे त्यांनी तरी ती वापरावी.

दिल्लीत २०२० मध्ये लाल सिग्नलला गाडी बंद करण्याची मोहीम निघाली होती. सांगलीचे चौक अजून आवाक्यात आहेत. पुण्यासारखी दाटी झाल्यावर जागे होण्यात काही अर्थ नाही, हे मी रोजच्या अनुभवावरून सांगते.


शाळेची_व्हॅन
गुरुवार, दुपारी २.२०

मी व्हॅन चालवतो. मुलगा कॉलेजात आहे, त्याने हा धागा वाचून दाखवला आणि माझे म्हणणे तोच लिहून देतो आहे. इंजिन सुरू ठेवण्याचे आम्हाला काही सुख नाही. माझी व्हॅन जुनी डिझेलची आहे. बॅटरी उतरलेली आहे, थंडीत सेल्फ एका वेळी घेत नाही. गेटवर बंद पडली तर मागच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतात, दुसऱ्या शाळेची मुले वाट पाहत असतात, आणि पालक मलाच बोलतात. मुले आम्हाला काका म्हणतात. त्यांना त्रास व्हावा असे कोणत्या काकाला वाटेल? बॅटरीचा प्रश्न सुटला तर मी पहिल्या दिवसापासून बंद करीन.


शंभरफुटी_गॅरेज
गुरुवार, रात्री १०.१५

व्हॅनवाले दादा, आपण खरी अडचण सांगितलीत. इंजिन दहा सेकंदांहून अधिक वेळ उभ्या जागी चालले की पुन्हा सुरू करण्यापेक्षा अधिक इंधन जाते, म्हणजे बंद करण्यात आपलेही पैसे वाचतात. पण सेल्फच घेत नसेल तर हा हिशेब आपल्या काय कामाचा. येत्या रविवारी सकाळी ८ ते १२ शाळेच्या व्हॅन आणि रिक्षांची बॅटरी, अल्टरनेटर, ग्लो प्लग आणि एअर फिल्टर मी विनामूल्य तपासून देईन. बहुतेक वेळा बॅटरी गेलेली नसते, टर्मिनलवर पांढरा क्षार चढलेला असतो किंवा बेल्ट सैल असतो.


विश्रामबागकर
दुसऱ्या आठवड्यातील शुक्रवार, सायंकाळी ६.००

सर्वांचे मनापासून आभार. या दहा-बारा दिवसांत काय झाले ते लिहितो.

नातीची स्पायरोमेट्री झाली. सौम्य दमा निघाला आहे. पंप सुरू केला असून डॉक्टरसाहेबांची सूचना लक्षात ठेवून तिच्या आईने तो नेमाने द्यायचे ठरवले आहे. दम्याचे खापर मी एकट्या धुरावर फोडत नाही. मात्र धुरात उभे राहिल्याने तो चाळवतो, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीही सांगितले.

रविवारी गॅरेजमध्ये अकरा वाहने आली. येथे लिहिणारे व्हॅनवाले दादाही आले होते. त्यांच्या बॅटरीच्या टर्मिनलवर खरोखरच बोटभर क्षार होता. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालून तो धुतल्यावर सेल्फ पहिल्या झटक्यात लागला. दोन व्हॅनच्या बॅटऱ्या मात्र बदलाव्याच लागतील, आणि त्यांचा खर्च उचलण्याविषयी आम्ही काही पालक बोलत आहोत. एका रिक्षाचा एअर फिल्टर बाहेर काढून आपटला तेव्हा फरशीवर मूठभर काळी माती पडली. तो फिल्टर मी मागून घेतला आहे. शाळेच्या पालकसभेत दाखवायचा आहे.

मिरजेच्या मुलांनी पेटी तीन सकाळी लावली. तिन्ही दिवशी पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान गेटवरचा आकडा पटांगणातल्या आकड्यापेक्षा वर होता आणि शाळा भरल्यावर अर्ध्या तासात दोन्ही जवळ आले. तीन दिवसांवरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनीच मला बजावले आहे, म्हणून महिनाभर नोंदी ठेवायच्या आहेत. त्यानंतर महापालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करून, पीएम २.५ ची मोजणी शाळेच्या व चौकाच्या पातळीवर व्हावी अशी मागणी करण्याचा विचार आहे. अर्जाचा मसुदा ‘नोंदवही’ यांनी करून द्यावा, अशी विनंती.

वाळव्याच्या दादांनी पाचट कुजवण्याची त्यांची पद्धत वेगळ्या धाग्यात लिहावी. ती येथे अडकून पडू नये असे मला वाटते.

व्हॅनवाले दादा मंगळवारपासून गेटवर इंजिन बंद करतात. त्यांच्या मागच्या दोन रिक्षाही करतात. चारचाकीतून मुलांना सोडणारे आम्हा पालकांपैकी बरेच जण अजून करत नाहीत, आणि त्यांच्याशी काच खाली करायला लावून बोलणे हे काम एकट्याने होणारे नाही. उद्या शनिवारची सकाळची शाळा आहे. पावणेसातला गेटवर कोण कोण येऊ शकेल, ते आज रात्रीपर्यंत येथे कळवावे.